गजभियेबाईंचा वर्ग आणि माझी विशेष नोंद

माझं निवृत्तीनंतरचं काम सांगितलं की लोक आधी थोडं थांबतात. "शाळा कॅथलिक आहे की नाही, ते तपासायची," असं म्हटलं की आणखी थांबतात. एका लग्नात माझ्या शेजारी ताट घेऊन बसलेल्या गृहस्थांनी हातातला घास तसाच ठेवून विचारलं होतं, "पण जी, शाळेच्या नावातच सेंट असते न? मग आणखी काय तपासता?"

प्रश्न रास्त होता. ज्यांच्या शाळा होत्या त्यांनाही बऱ्याचदा असंच वाटायचं.

मी नागपुरात तीस-बत्तीस वर्षं इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यावर सिस्टर्सच्या एका संस्थेनं मला बोलावलं. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण जे सांगायचं आहे त्यात त्यांच्यापेक्षा माझी चूक मोठी आहे. या संस्थेच्या विदर्भात आणि शेजारच्या राज्यांत शाळा आहेत. दर काही वर्षांनी तिघांचं पथक प्रत्येक शाळेत दोन दिवस जातं. एक धर्मगुरू, एक दुसऱ्या गावची सिस्टर आणि माझ्यासारखं एक संसारी माणूस. निकाल, इमारत, प्रयोगशाळा हे बघणारे वेगळे. आम्ही बघायचं ते एवढंच, की ही शाळा अजून कॅथलिक आहे का.

बाहेरच्याला हे विचित्र वाटतं, पण आतल्याला त्याची काळजी खरी असते. साठ मुलांच्या वर्गात कॅथलिक मुलं तीन नाहीतर चार. शिक्षकांत बहुतेक इतर धर्मांचे. एकेकाळी प्रत्येक मजल्यावर दोन सिस्टर्स असत. आता अख्ख्या शाळेत दोन, त्यातल्या एकीचे गुडघे गेलेले. मग शाळा कॅथलिक कशानं? भिंतीवरच्या क्रूसानं? सकाळच्या प्रार्थनेनं? की वर्षानुवर्षं वेगवेगळ्या घरांतली मुलं एका बाकावर बसतात त्यानं? संस्थेनं या प्रश्नासाठी एक जाड फॉर्म बनवला होता. त्याला चार भाग होते आणि शेवटी एक रेघांचं कोरं पान होतं. त्यावर छापलं होतं, 'विशेष नोंद'.

आम्ही येणार हे शाळेला महिनाभर आधी कळवलं जायचं. त्यामुळे आम्हाला जे दिसायचं ते बहुधा महिनाभराचंच असायचं. वर्गावर्गांत क्रूस टांगलेले, पण ओल्या वॉर्निशचा वास दाराबाहेरूनच यायचा. खिळ्याच्या भोवती भिंतीचा ताजा चुरा. एका शाळेनं आमच्या स्वागताचा फलक एवढा मोठा लावला होता की त्यामागे मरियेची मूर्ती पूर्ण झाकली गेली. दुसऱ्या एका शाळेत हात धुवायच्या प्रत्येक नळावर बायबलचं एकेक वचन चिकटवलेलं होतं, आणि नळाला पाणी नव्हतं. आमच्या पथकातले फादर बेनेडिक्ट त्या नळापुढे बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, "तहानलेल्यांसाठी वचन आहे. पाणी पुढच्या तपासणीत."

फादर बेनेडिक्ट नागपुरातल्या सदर भागात राहत. वय माझ्याएवढंच, हिंदी-मराठी-इंग्रजी एकाच वाक्यात बोलत आणि कोणत्याही समारंभात मागच्या खुर्चीवर बसत. आमचं जमायचं त्याचं कारण तेच.

मुलांशी बोलणं हा माझा भाग. एका शाळेत आठवीच्या मुलाला विचारलं, "तुमच्या शाळेला ज्या संतांचं नाव आहे ते कोण होते?" तो जराही न अडखळता म्हणाला, "ज्यांनी गेट बांधून दिलं ते." गेटवर संतांचं नाव आणि देणगीदाराचं नाव एकाच आकाराच्या अक्षरांत होतं, त्यात मुलाचा काय दोष?

पण चांगलंही दिसलं. एका तालुक्याच्या गावी शाळेत एकही कॅथलिक मूल नव्हतं. दुपारी बारा वाजता तिथला शिपाई प्रार्थनेची घंटा वाजवायचा आणि सगळी शाळा मिनिटभर गप्प उभी राहायची. फाटकाबाहेर पेरू विकणारी बाईसुद्धा हातातला तराजू खाली ठेवायची. मी तिला विचारलं, "तुम्ही काहून थांबता?" ती म्हणाली, "सगळे थांबतेत त मले एकटीले बोलणं बरं नाही दिसत." प्रार्थनेची याहून चांगली व्याख्या मी प्रवचनातही ऐकलेली नाही. ती मी विशेष नोंदीत लिहिली.

हळूहळू मी माझी एक पद्धत बसवली. क्रूस मोजायचं काम सिस्टरवर सोपवायचं आणि आपण जाऊन पाहायचं, की वर्गात उलटी झालेल्या मुलाला कुठं बसवतात. कोण त्याचं तोंड पुसतं, कोण नाक दाबून लांब उभं राहतं. मुख्याध्यापिका शिपायाला नावानं हाक मारते की "अरे" म्हणते. शेवटच्या बाकावर कोण बसतं आणि ते कधीपासून तिथं आहे. यातून जे कळायचं ते फॉर्मच्या कोणत्याच चौकटीत मावायचं नाही, म्हणून मी ते त्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहायची. लोक म्हणायचे, तुमचं ते पान वाचायला बरं वाटतं. मला ते ऐकायला आवडायचं. दिखाऊपणावर मी इतकी वर्षं टीका केली. माझा स्वतःचा दिखाऊपणा त्या रेघांच्या पानावर होता, हे मला उशिरा कळलं.

जिच्याबद्दल सांगायचं आहे ती शाळा उत्तर नागपुरात, जरीपटक्याच्या पलीकडे. जानेवारीत आम्ही गेलो. मुख्याध्यापिका सिस्टर रोझलिन छत्तीसगडकडच्या, शांत, हिंदीतच बोलायच्या. इथं स्वागताचा फलक नव्हता. क्रूस होते, पण जुने, एकदोन तिरपे. एका वर्गातल्या क्रूसावर चिमणीनं काडी आणून ठेवली होती. सिस्टर म्हणाल्या, "हटाने का मन नहीं हुआ." मला शाळा आवडली, पण फॉर्मच्या हिशेबानं ती जेमतेम होती. आमच्याबरोबरच्या सिस्टरनं पहिल्या दिवशी संध्याकाळी तोंड वाकडं केलं.

दुसऱ्या दिवशी धर्मशिक्षणाचा तास होता. त्या तासाला बाकीची मुलं मूल्यशिक्षणाला बसतात आणि कॅथलिक मुलं वेगळ्या खोलीत जातात. त्या खोलीत अकरा मुलं होती, आठ-नऊ वर्षांची. एप्रिलमध्ये त्यांचा पहिला ख्रिस्तप्रसाद होता. हे जरा सांगायला हवं. आमच्या रविवारच्या उपासनेला मिस्सा म्हणतात. तिच्यात धर्मगुरू कागदासारख्या पातळ गव्हाच्या चकतीवर प्रार्थना म्हणतात, आणि त्यानंतर आमच्यासाठी ती भाकर राहत नाही, ख्रिस्ताचं शरीर होते. मूल कळतं झालं की वर्षभर तयारी करून ती पहिल्यांदा घेतं. त्याआधी स्वतःच्या चुका धर्मगुरूंपुढे कबूल करायच्या असतात. घरात त्या दिवशी लग्नासारखी गडबड असते. मुलाला तयार करणारी जी शिक्षिका असते, तिचं नाव मूल पुढं आयुष्यभर सांगतं. माझ्या तयारीला असलेल्या मिस ग्रेटा मला आजही आठवतात, त्यांच्या साडीच्या पिनेसकट.

या वर्गाच्या शिक्षिकेचं नाव मी गजभियेबाई असं लिहिते. ते खरं नाही. हे सगळं छापायच्या आधी मी त्यांच्याकडे जाऊन वाचून दाखवलं, आणि हे नाव त्यांनीच निवडलं.

बाई चाळिशीच्या पुढच्या, बारीक, आवाज खणखणीत. आम्ही मागच्या बाकावर बसलो तेव्हा चुका कबूल करण्याचा सराव चालला होता. एक मुलगा उभा राहून म्हणत होता, "रोहननं माझं कंपासपेटीतलं शार्पनर घेतलं..."

"थांब," बाई म्हणाल्या. "हे कोणाचं पाप आहे?"

"रोहनचं."

"मग ते रोहन सांगन. तू फादरजवळ रोहनची तक्रार घेऊन चालला का? तुझं सांग."

मुलानं विचार केला. "मी त्याले मारलं."

"हां. आता झालं सुरू."

नंतर चकतीचा सराव. मंत्रलेली नसते तेव्हा ती नुसती गव्हाची चकती, कोणीही खावी. बाईंनी आधी स्वतः घेऊन दाखवलं. डावा तळहात वर, उजवा खाली, थांबायचं, आमेन म्हणायचं, मग तोंडात. एंजल नावाची एक बुटकी मुलगी घाबरून विचारू लागली, "बाई, दातानं चावलं तर?"

"चावलं त चावलं. देव तुझ्या दाताले भेत नाही."

फादर बेनेडिक्ट माझ्याकडे वळून पाहू लागले. मीही त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत धर्मशिक्षणाचे कितीतरी तास पाहिले, बहुतेक ठिकाणी मुलं प्रश्नोत्तरं पाढ्यांसारखी म्हणायची. इथं मुलं हसत होती आणि एकानंही चकती खाली पाडली नाही.

तास संपल्यावर फादरांनी कौतुकानं विचारलं, "टीचर, तुम्ही कोणत्या चर्चला जाता? सदरला कधी दिसल्या नाहीत."

"मी नाही जात जी चर्चले," बाई सहज म्हणाल्या. "आम्ही बौद्ध आहोत. माझ्या आजोबांनी छप्पनमध्येच दीक्षा घेतली होती."

फादरांनी दारात आलेल्या मुख्याध्यापिकेकडे पाहिलं. मग सिस्टर रोझलिननी सांगितलं. चौदा वर्षांपूर्वी हा वर्ग घेणाऱ्या सिस्टरची बदली झाली. जी यायची होती ती आजारी पडली. गजभिये टीचर तेव्हा तिसरीला मराठी शिकवायच्या. आठवडाभर मुलांना बसवा, एवढंच त्यांना सांगितलं होतं. त्यांनी पुस्तक घरी नेलं, सगळं वाचलं, जे कळलं नाही ते तेव्हाच्या फादरांना विचारलं. आठवड्यानंतर मुलांनी दुसरी शिक्षिका नको म्हटलं. तेव्हापासून प्रत्येक वर्षीची मुलं त्यांनीच तयार केली. सगळ्यांना माहीत होतं. पालकांना, चर्चच्या फादरांना, सगळ्यांना.

मी विचारलं, "मुलं कधी विचारत नाहीत, की बाई, तुमचा यावर विश्वास आहे का?"

"दर साली विचारतात न मॅडम. मी सांगते, हे तुमच्या घरचं आहे, मी शिकवणारी आहे. भूगोलाच्या बाई कुठं आफ्रिकेत जाऊन आल्या? पण नकाशा त बरोबर दाखवतात." मग जरा थांबून म्हणाल्या, "माझ्या घरी बुद्ध आहेत, बाबासाहेब आहेत. मी काही लपवत नाही. लेकरं घरी येतात, त्यांले माहीत आहे. पण त्या खोलीत गेली की मी खोटं एक अक्षर नाही शिकवत. जे पुस्तकात आहे तेच."

परत येताना गाडीत फादर बेनेडिक्ट बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. कामठी रोडवर सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाले, "बहुत अच्छी टीचर. पण हे लिहू नका."

"का?"

"तोंडी सांगू. संस्थेच्या मुख्य सिस्टरना मी स्वतः भेटून सांगेन. लिहिलं की त्याला उत्तर द्यावं लागतं. कागद उत्तर मागतो."

मला ते भित्रेपणाचं वाटलं. मी म्हटलं, "फादर, आपण ओलं वॉर्निश लिहितो, कोरडे नळ लिहितो. आणि एवढं चांगलं दिसलं ते तेवढं झाकून ठेवायचं?"

"झाकायचं नाही. राहू द्यायचं."

मी ऐकलं नाही. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, डोकं ताजं असताना लिहिलं. विशेष नोंदीचं पान पुरलं नाही, मी मागची बाजूही वापरली. बाईंचं पूर्ण नाव लिहिलं, आजोबांची दीक्षा लिहिली, चौदा वर्षं लिहिली, दाताची गोष्ट लिहिली. आणि एक वाक्य लिहिलं ज्यावर मी फार खूश होते: 'या शाळेची कॅथलिक ओळख भिंतीवरच्या क्रूसात शोधू नये, ती एका बौद्ध शिक्षिकेच्या तळहातावर आहे.' फादर बेनेडिक्टनी पूर्ण वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला आणि सही केली. त्यांनी मला अडवायला हवं होतं, असं मी पुढं त्यांना एकदा म्हटलं. ते म्हणाले, "मी अडवलं होतं. गाडीत."

मार्चच्या मधल्या आठवड्यात सिस्टर रोझलिनचा फोन आला. आधी म्हणाल्या, शाळेला फार वरची श्रेणी मिळाली. मग म्हणाल्या, सोबत संस्थेचं एक पत्र आहे. धर्मशिक्षण बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिक व्यक्तीनंच द्यावं असा नियम आहे, तो मोडला जात असल्याचं तपासणी अहवालात नोंदलेलं आहे, तरी ताबडतोब दुरुस्ती करून कळवावं. चर्चनं एक प्रशिक्षित तरुणी पाठवली होती. सोमवारपासून वर्ग तिच्याकडे गेला होता.

"मिस," सिस्टर म्हणाल्या, "आपने तो तारीफ की थी ना?"



इथं मला एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे. नियम मूर्खपणाचा नाही. श्रद्धा ही नकाशासारखी दाखवता येते का, की ती असलेल्यानंच द्यावी लागते, हा प्रश्न खरा आहे आणि माझ्याहून शहाण्या माणसांनी त्यावर डोकं खपवलं आहे. पत्र लिहिणाऱ्या सिस्टरनं वाईट काही केलं नाही. तिच्यापुढे कागद आला, तिनं कागदाचं काम केलं. ती नवी मुलगीही चांगली होती. वाईट माणूस शोधत मी बरेच दिवस घालवले आणि दर वेळी माझ्याच सहीपाशी येऊन थांबले.

एका रविवारी मी बाईंच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर, दारात तुळशीऐवजी कोरफड, आत बुद्धाची संगमरवरी मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली तिसरीच्या वह्यांचा गठ्ठा. बाईंचे यजमान मिहानमध्ये एका कंपनीत सुरक्षारक्षक, ते ड्युटीवर होते. बाईंनी पाणी दिलं, चहा ठेवला आणि समोर बसल्या. मी माफी मागायला आले होते, पण ती कुठून सुरू करावी ते सुचेना. मी म्हटलं, "माझा हेतू चांगला होता."

"ते मले माहीत आहे जी. सिस्टरनं मले तुमचं पान वाचायले दिलं."

"तुम्ही वाचलं?"

"दोनदा." त्यांनी वह्यांचा गठ्ठा सरळ केला. "मॅडम, एक विचारू? राग नका मानू. तुम्ही माझं नाव लिहायच्या आधी मले काहून नाही विचारलं?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"पोराचा फोटो काढाचा असला तरी शाळा मायबापाची सही घेते. तुम्ही दोन पानं लिहिली माझ्यावर. माझ्या आजोबाची दीक्षा लिहिली. मले विचारलं असतं त मी म्हटलं असतं, नका लिहू. चौदा वर्षं सगळ्यांले माहीत होतं. माहीत असणं अलग असते अन् लिहिणं अलग."

"चांगलं लिहिलं होतं मी..."

"हो न! लयच चांगलं लिहिलं. असं लिहिलं का वाचणाऱ्याले वाटावं, बापा, हे बाई बौद्ध असून कशी काय इतकी चांगली! त्यात नवल काय आहे मॅडम? मी तिसरीले मराठी चांगली शिकवते, त्याचं कोणाले नवल नाही वाटत." मग आवाज खाली आला. "मी त्या खोलीत बौद्ध म्हणून नाही जात होती. बाई म्हणून जात होती. तुम्ही मले तिथून काढलं नाही, ते माहीत आहे. पण तुम्ही मले तिथं असं उभं केलं, का मंग लोकांले दिसाले लागलं."

चहा उतू गेला. त्या उठून आत गेल्या, गॅस बंद केला, चहा गाळून आणला. मी इतिहास शिकवलेली बाई. लोकांची कृत्यं पुस्तकात आली की त्यांचं काय होतं, हे मी हजारो मुलांना शिकवलं होतं. स्वतः पेन हातात घेतल्यावर मला त्यातलं एक अक्षर आठवलं नाही.

जाताना त्यांनी विचारलं, "एक सांगा. एप्रिलमध्ये लेकरांचा दिवस आहे. एंजलची माय दोनदा येऊन गेली बोलवायले. मी जाऊ का नको? तुम्ही त्या लोकांतल्या आहात, तुमाले समजन. मी गेली त त्या नव्या पोरीले वाईट वाटन. नाही गेली त अकरा जणं दाराकडे पाहत राहतीन."

इतक्या दिवसांत त्यांनी मागितलेली ही एकच गोष्ट होती. मी म्हटलं, "माझ्याबरोबर चला. माझ्या शेजारी बसा."

एप्रिलचा शेवट, सकाळी नऊलाच ऊन अंगावर येत होतं. चर्चमध्ये दोन्ही बाजूंना कूलर गरगरत होते, त्यांच्या वाऱ्यानं मुलींच्या डोक्यावरचे पांढरे जाळीचे रुमाल उडत होते. बाई निळ्या साडीत आल्या होत्या. आम्ही मधल्या रांगेत बसलो. त्यांना मिस्सातलं सगळं पाठ होतं; केव्हा उठायचं, केव्हा बसायचं, मला आठवायच्या आधी त्या उठत. गुडघे मात्र टेकत नव्हत्या. ओठ मिटलेले. त्यांनी शिकवलेली उत्तरं पुढच्या बाकांवरून अकरा आवाजांत येत होती.

ख्रिस्तप्रसादाच्या आधी नवी शिक्षिका माइकवर आली. दरवेळची सूचना तिनं दिली, की फक्त कॅथलिकांनीच पुढं यावं, इतरांनी जागेवर बसून प्रार्थना करावी. मी ती आयुष्यभर ऐकत आले आहे. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

रांग उठली. आमच्या बाकावरची माणसं बाहेर पडू लागली. बाईंनी पाय एका बाजूला घेतले, म्हणजे लोकांना जाता येईल. मी उठले नाही. मला वाटलं, आज आपणही बसून राहावं. काहीतरी करून दाखवावं असं मनात आलं, हे मी कबूल करते. बाईंनी माझ्या कोपराला हात लावला.

"जा न मॅडम. तुमची पाळी आहे. लोकं पाहून राहिले."

मी गेले. तळहात पुढं केला तेव्हा माझ्या लक्षात आलं, की डावा वर की उजवा वर, याचा मी क्षणभर विचार करते आहे.

मिस्सा संपली. बाहेर मांडवात सरबत होतं. घाम, फुलं, नव्या बुटांचे आवाज. सिस्टर रोझलिन आम्हाला बाजूला घेऊन गेल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी ठरवल्याचं दिसत होतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, की ही नवी मुलगी जूनमध्ये लग्न होऊन पुण्याला जाते आहे, दुसरी मिळेल न मिळेल. "टीचर, जून से आप ही आइए ना. बस, किसी काग़ज़ पर नहीं आएगा. पहले जैसा."

 समोर मुलं एकमेकांच्या मेणबत्त्या ओढत होती, त्यांच्याकडे बाई पाहत होत्या. मी मनातल्या मनात म्हणत होते, हो म्हणा. त्यांनी हो म्हटलं असतं तर माझी सुटका झाली असती.

"नाही सिस्टर," त्या म्हणाल्या. "आता पहिल्यासारखं कसं होईन? तवा मी त्या खोलीत सरळ दारातून जात होती. कोणी नाही म्हटलं नव्हतं. आता नाही म्हटलं आहे. आता गेली त चोरून गेल्यासारखी होईन. अन् मंग लेकराले कोणत्या तोंडानं शिकवू, का चोरून काही कराचं नाही?"

सिस्टरांनी मान खाली घातली. मी घाईनं म्हटलं, "मी पत्र लिहिते. रीतसर परवानगी मागते. फादर बेनेडिक्टही सही करतील. सविस्तर लिहिते सगळं—"

बाई हसल्या. त्या सगळ्या महिन्यांत पहिल्यांदा.

"मॅडम, तुम्ही आता काही लिहू नका जी."

तेवढ्यात एंजलच्या वडिलांनी फोटोसाठी हाक मारली. मुलं, फादर, सिस्टर, नवी शिक्षिका, सगळे चर्चच्या पायऱ्यांवर उभे राहिले. कोणीतरी मलाही ओढलं. एंजल बाईंचा पदर धरून खेचत होती, "बाई, या न, बाई!" बाईंनी हळूच पदर सोडवून घेतला आणि तिच्या वडिलांच्या हातातला मोबाईल घेतला. "तुम्ही बी उभे राहा लेकीजवळ. मी काढते."

पुढं मी त्या पथकाचं काम सोडलं. फॉर्म अजून तोच आहे, कोऱ्या पानासकट. तो फोटो मात्र माझ्याकडे आला, एंजलच्या वडिलांनी सगळ्यांना पाठवला म्हणून. त्यात आम्ही मोठी माणसं नीट कॅमेऱ्याकडे पाहत उभे आहोत, चेहऱ्यावर समारंभाचं हसू. अकरा मुलांतलं एकही कॅमेऱ्याकडे पाहत नाही. सगळ्यांची नजर थोडी वर आहे, कॅमेऱ्याच्या मागे.